गोल्फगाडीचे मागचे पाटे

आमच्या घरी गोल्फची गाडी आहे, हे सांगताना मला अजूनही संकोच वाटतो. तो खेळ मी फक्त एका जुन्या मासिकातल्या चित्रात पाहिला आहे, आणि आमचं गाव मेहकरहून लोणारला जाणाऱ्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत, काळ्या मातीत आहे. आमचा मुलगा दीपक एका रिसॉर्टमध्ये कामाला होता. ते बंद पडलं तेव्हा तिथली ही बॅटरीवर चालणारी गाडी त्याने आईसाठी आणली. पुढे दोघांची बैठक आणि मागे, उलट्या तोंडाने बसायची, आणखी दोघांची. त्या मागच्या दोघांच्या जागेत आमच्याकडे चार बाया बसत.

गाडी सरस्वती चालवते. माहेरी तिने बैलगाडी हाकली होती, त्यामुळे हे यंत्र तिला अर्ध्या तासात आलं. मी शाळेच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढली आणि सायकलच्या पुढे गेलो नाही.

दोन वर्षांपूर्वी सरस्वती गोठ्यात घसरून पडली आणि तिचा मणका दबला. मोटारसायकल बंद झाली, ट्रॅक्टर बंद झाला, दोन किलोमीटर पांदणीची कच्ची वाट तुडवत शेतात जाणं तर बंदच झालं. चाळीस वर्षं ज्या बायांबरोबर तिने कापूस वेचला, त्या रोज सकाळी आमच्या दारावरून जात आणि ही ओट्यावर बसून त्यांच्या पाठी पाहत राही. गाडी आली आणि ते संपलं. आता ती त्यांना घेऊन जाऊ लागली. वेचायला वाकता येत नसे, म्हणून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, खुर्ची टाकून बसायची, पाणी द्यायची, संध्याकाळी कापूस काट्यावर मोजायची आणि दिवसभर बोलायची. घरी माझ्याशी बोलायला तिच्याजवळ फारसं काही उरत नसे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं म्हणजे थोडं वाटलं.

या दिवाळीनंतर, कापसाची दुसरी वेचणी चालू असताना, ओढ्यावरच्या फरशीच्या, म्हणजे ठेंगण्या पुलाच्या, तुटक्या कडेवरून गाडी उतरली आणि मागचा उजवा पाटा कडकन तुटला. गाडीत सरस्वती धरून पाच बाया होत्या. सरस्वतीला असा दणका बसला की तीन दिवस ती अंथरुणावरून उठली नाही. मेहकरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून पाहिला. मणका होता तसाच होता. पण ते म्हणाले, "आजी, गाडीत बसा, पण दणका नको. परत असा दणका बसला तर मग मी काही सांगू शकत नाही."

बाहेर आल्यावर सरस्वती म्हणाली, "बसा म्हणाले ना? मंग पाटे टाकून आना."

दीपकने फोनवर विरोध केला. "बाबा, गाडी विकून टाका. आईने आता घरी बसावं." मी हूं म्हणालो. ती घरी बसली म्हणजे कशी बसते ते त्याने पाहिलं नव्हतं.

पाटे म्हणजे पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या. तीन, चार, पाच अशा एकावर एक बांधून त्यांची कमान करतात, आणि गाडीच्या मागच्या अंगाचा सगळा भार त्या दोन कमानींवर असतो. एवढं ज्ञान मी दोन संध्याकाळी खर्च करून मिळवलं. दीपकने शेवटी हार मानून दिल्लीच्या एका दुकानाचं माहितीपत्रक पाठवलं होतं. ते इंग्रजीत होतं. मी शब्दकोश घेऊन बसलो, वहीत तक्ते उतरवले, आणि जितकं वाचलं तितका गोंधळलो. नरम पाटे होते, कडक पाटे होते, आणि प्रत्येक जोड सर्वोत्तम होता.

वही घेऊन मी मेहकरला कडूबा मिस्त्रीकडे गेलो. कडूबा बसस्थानकामागे ट्रॉल्यांचे आणि जीपचे पाटे बांधतो. शाळेत असताना त्याने ग्रंथालयातून नेलेलं एक पुस्तक अजून परत केलेलं नाही, पण तो विषय मी काढला नाही.

त्याने माझी वही उलटीपालटी करून पाहिली. "मास्तर, हे मिटा. मागं कोन बसते ते सांगा."

"कधी कोणी नाही. कधी चार जणी."

"वजन?"

"कोणाचं?"

"बायाईचं, मास्तर. गाडीचं मले माहीत हाये." त्याने हात पुसले. "हे पाहा. तीन पाट्याचा जोड नरम. एकटी काकू बसली तं पाळण्यावानी जाईन. पन मागं चार बसल्या का खाली टेकते, मंग दनका. पाच पाट्याचा जोड कडक. तो टेकत नाही. पन गाडी रिकामी असली का उडते. तुमी मानसं ठरवा, पाटे मी देतो."

माणसं ठरवा. घरी येताना बसमध्ये मी तेच घोळवत होतो. माणसं ठरवणं हे काम मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

वजनाचं मी आधी पुस्तकातूनच करायचं पाहिलं. एका आरोग्याच्या पुस्तकात ग्रामीण स्त्रियांचं सरासरी वजन दिलं होतं. पण गोजरबाई सरासरीत बसणाऱ्या नाहीत. गोजरबाई म्हणजे आमच्या शेजारीण, सरस्वतीची लग्नानंतरची पहिली मैत्रीण, आणि मागच्या बैठकीची उजवी बाजू कायम त्यांची. तो तुटलेला पाटाही उजवाच होता. मी धीर करून त्यांच्या अंगणात गेलो.

"गोजरबाई, तुमचं साधारण… किती असेल?"

"किती काय, भाऊजी? वय?"

"नाही, नाही. म्हणजे… भार."

मागच्या बैठकीवर त्यांच्याशेजारी बसणाऱ्या बेबीताई तिथे तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. गोजरबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बेबी, जाय वं, कापसाचा काटा आन. भाऊजीले माहा भाव काढाचा हाये."

दोघी इतक्या हसल्या की त्यांच्या घरची शेळी उठून उभी राहिली. मी पाणीसुद्धा न पिता परत आलो. पण हसता हसता गोजरबाईंनी आकडा सांगितला होता. बहात्तर. बेबीताईंचा अठ्ठेचाळीस. तो मी दारातच वहीत लिहून घेतला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं काही मी म्हणणार नाही, लागली. पण सकाळी उठलो तेव्हा माझं ठरलेलं होतं. डॉक्टरांनी दणका नको म्हटलं होतं, तीन पाटे म्हणजे पाळणा, म्हणून तीन पाटे. बायांना मागे न बसण्याबद्दल सांगावं लागेल, एवढीच अडचण होती, आणि ती मी उद्यावर ढकलली.

कडूबा दुपारी मोटारसायकलवर दोन्ही जोड बांधून आला. सरस्वती आत पडली होती. त्याने जॅक लावला आणि विचारलं, "कोनते?"

"तीनचे."

"अन् बाया?"

"त्याईले मी सांगतो."

कडूबाने माझ्याकडे जरा पाहिलं. "दुसरा जोड ठेवून जातो," तो म्हणाला. "लागला तं लागला."

संध्याकाळी सरस्वतीने गाडी एकटीने मारुतीच्या पारापर्यंत नेऊन आणली. उतरली तेव्हा तिचं तोंड फुललं होतं. "अवो, कायच लागत नाही! दुधाची घागर ठेवली तं सांडाची नाही." तिने मला हातानेच बसा म्हटलं आणि आम्ही दोघं दारातल्या दारात गाडीत बसून राहिलो. उद्या कोणत्या तुकड्यात वेचणी आहे, गोजरबाईला तिच्या सुनेने काय म्हटलं, बेबीताईची चप्पल चिखलात कशी गेली, सगळं तिने सांगितलं. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नुसतं ऐकत राहिलो, कारण ते फार दिवसांनी कानावर पडत होतं.

आणि मग मी ते केलं, ज्याची मला अजून लाज वाटते. बायांना तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून पहाटे उठून मी एक जाड पुठ्ठा घेतला, ग्रंथालयात काढायचो तशा ठसठशीत अक्षरांत सूचना लिहिली आणि मागच्या बैठकीला सुतळीने बांधली.

"कृपया मागे बसू नये. – व्यवस्थापक."

'व्यवस्थापक' का लिहिलं, ते मला सांगता येणार नाही. हाताची सवय.

आठ वाजता बाया आल्या, डोक्याला फडकी, कंबरेला कापसाच्या ओट्या बांधलेल्या. मी आत खिडकीशी उभा होतो. बेबीताई सातवी शिकलेल्या आहेत. त्यांनी पुठ्ठा मोठ्याने वाचला.



"वेवस्थापक कोन हाये वं?" गोजरबाईंनी विचारलं.

सगळ्या जणी खिडकीकडे पाहू लागल्या. मी मागे सरलो.

"परवा वजन इचारून राह्यले होते ना," बेबीताई म्हणाल्या. "त्याचा निकाल लागला."

"मंग मीच नापास झाली असन," गोजरबाई म्हणाल्या. हसल्याही. पण परवासारखं नाही. "चला व बायाहो. पाय हायेत अजून."

सरस्वती पाण्याची कॅन घेऊन बाहेर आली तेव्हा त्या पांदणीला लागल्या होत्या. तिने त्यांना हाक मारली, मग पुठ्ठा पाहिला, वाचला. गाडीची किल्ली तिच्या हातात होती. ती तशीच आत आली आणि किल्ली माझ्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवली.

"डॉक्टरनं सांगितलं होतं," मी म्हणालो.

"डॉक्टरनं दनका नको सांगितला. बाया नको नाही सांगितल्या."

"तीन पाट्यावर चार जणी बसल्या तं—"

"अवो, मी काय शेत पाहाले जातो का? शेत मी इथूनबी सांगतो, कोन्या ओळीत किती बोंडं हायेत." तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली. "माह्यासमोर त्या पायी चालतीन अन् मी एकटी राणीवानी गाडीत? तोंड दाखवू मी? राहू द्या. मी नाही जात आता."

ती ओट्यावर जाऊन बसली.

दोन दिवस ती गेली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने डबे उतरवून पुसले, परत लावले, परत उतरवले. माझ्या ताटात भाकरी पडत होती, पण शब्द पडत नव्हता. दीपकचा फोन आला तेव्हा तिने त्याला सांगितलं, "हाव, इकून टाक बाबा ती गाडी. तू म्हनतो तेच बरं." ते ऐकून मी मागच्या अंगणात गेलो आणि कडूबाला फोन लावला. माझं सगळं तो शांतपणे ऐकून घेत होता, आणि मागे घणाचा आवाज येत होता.

"मास्तर," तो शेवटी म्हणाला, "गावात इतकी वर्षं राह्यले, ट्रॉली कधी पाह्यली नाही का? रिकामी येते तं गावभर खडखडाट. तीच सोयाबीननं भरली का चूप जाते. पाटे तेच असतात."

मी वही काढली. माहितीपत्रकात हे सगळं होतं. कडक पाट्यांच्या तक्त्यात रिकाम्या गाडीची एक ओळ होती आणि खाली भरलेल्या गाडीची दुसरी. मी पहिली ओळ वाचून पान उलटलं होतं. आयुष्यभर मुलांना सांगत आलो की पान पूर्ण वाचा.

दुसऱ्या दिवशी कडूबा येऊन पाच पाट्यांचा जोड चढवून गेला. जाताना म्हणाला, "चार मानसं बसवून फरशीवरून न्या. मंगच काकूले बसवा." चार माणसं कुठून आणू? ज्यांच्या वजनाचा जोड होता, त्यांच्यासमोर जायला मला तोंड नव्हतं, आणि सरस्वती गाडीकडे पाहतही नव्हती.

शेवटी मी पोती आणली. कपाट उघडलं आणि पुस्तकं भरायला लागलो. शब्दकोश, मासिकांचे बांधीव खंड, जुने इतिहास. कापसाचा काटा तुळईला अडकवून वजन करू लागलो. बहात्तर किलोचं पोतं मला उचलता येईना, म्हणून रिकामं पोतंच आधी गाडीत ठेवलं आणि पुस्तकं थोडी थोडी मोजून त्यात टाकत गेलो. अठ्ठेचाळीसचं दुसरं. बाकीच्या दोघींची पन्नास-पन्नास धरली. सरस्वती दारातून पाहत होती. मी कपाटावरची किल्ली घेतली तेव्हा मात्र तिचा हात चौकटीवर गेला.

"तुमाले येते का?"

"पाहून पाहून येते," मी म्हणालो. ते पूर्ण खरं नव्हतं.

गाडी पहिल्यांदा एकदम पुढे गेली, मग थांबली, मग माझ्या मनाविरुद्ध परत गेली. वेशीपर्यंत मी श्वास धरला होता. पांदणीतून एक कुत्रं माझ्यापेक्षा वेगाने चाललं होतं आणि थांबून थांबून मागे पाहत होतं. फरशीची तुटकी कड आली. मी डोळे मिटले, हे खरं आहे. गाडी उतरली, जरा डुलली आणि पुढे गेली. दणका नव्हता. मी थांबलो, परत मागे नेली, परत उतरवली. तरी नव्हता. तिसऱ्या वेळी डोळे उघडे ठेवले.

तेवढ्यात शेत आलं आणि बायांनी मला पाहिलं.

"भाऊजी!" गोजरबाई ओटीत कापूस धरून धुऱ्यावर आल्या. मागून बेबीताई आणि बाकीच्या दोघी. "गाडी चालवून राह्यले? अन् हे काय, खत आनलं का?"

"पुस्तकं हायेत."

"वावरात? वाचाले?"

माझ्याजवळ पुठ्ठा नव्हता, त्यामुळे तोंडानेच बोलावं लागलं. "गोजरबाई, माझं चुकलं. मी आधी नरम पाटे टाकले होते. आता कडक आहेत. गाडी रिकामी असली की हे पाटे आदळतात. मागं चार माणसं असली की नाही आदळत. आताच तीनदा पाहिलं. सरस्वतीले एकटीले या गाडीत नेता येत नाही. तुम्ही बसल्या तरच ती बसू शकते. तिची पाठ… तुमच्यावर हाये."

इतकं मोठं मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. बेबीताईंनी पोत्यात हात घालून एक पुस्तक काढलं आणि परत ठेवलं.

"मंग हे पोतं कोन हाये?" गोजरबाईंनी विचारलं.

"कोणतं?"

"हे मोठं. उजवीकडचं."

मी मान खाली घातली. "ते तुम्ही."

"अन् हे बारकं?"

"बेबीताई."

बेबीताई पोत्याला टेकून हसायला लागल्या. "पाह्य वं गोजरमाय, तुह्यात किती ग्यान भरलं हाये!"

"माय माय माय," गोजरबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "मले वाटलं, भाऊजीले आपला भार झाला. अन् हे तं मले पोत्यात भरून हिंडवून राह्यले." मग त्यांनी पोत्याचं तोंड धरलं आणि ओढून पाहिलं. "हूं. बरोबर हाये वजन."

पुस्तकं उतरवायला त्यांनीच मदत केली. शेतातल्या खोपीत, झोपडीत, ती कापसाशेजारी ठेवली. येताना मागे कोणी नव्हतं, आणि कडक पाट्यांनी माझं काय केलं ते मी सांगत नाही. घरी येऊन मी सरस्वतीला काही बोललो नाही. बाया येतील की नाही, याची मला खात्री नव्हती. हसणं वेगळं आणि येणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्या पांदणीकडे गेल्या नाहीत. सरळ आमच्या दारात आल्या आणि न विचारता गाडीत चढल्या. गोजरबाई उजवीकडे.

"सरस्वती!" त्यांनी हाक मारली. "येतं का व? का तुह्या पाठीसाठी आमी इथंच बसून राहाव?"

सरस्वती ओट्यावर होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत गेली. मला वाटलं, ती आता येत नाही. पण ती पाण्याची कॅन घेऊन आली, माझ्यासमोर हात पुढे केला आणि मी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

मी त्यांच्या आधी आडवाटेने ओढ्यावर पोहोचलो होतो. कडूबाने सांगितलं होतं की भरल्या गाडीत पाटे किती वाकतात ते एकदा बाजूने बसून नीट पाहा, म्हणून फरशीच्या खाली, दगडावर उकिडवा बसलो. गाडी आली. सरस्वती मान मागे वळवून काहीतरी सांगत होती, मागच्या चौघी "मंग? मंग?" करत होत्या. तुटकी कड आली तेव्हाही तिचं वाक्य मध्ये थांबलं नाही. गाडी उतरली, डुलली, निघून गेली, आणि तिचं बोलणं ओढ्याच्या पलीकडे बराच वेळ ऐकू येत राहिलं.

संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "कायले बसले होते तुमी त्या दगडावर? वाकले का पाटे बरोबर?"

पाट्यांकडे पाहायचं राहूनच गेलं होतं. मी म्हणालो, "हाव. बरोबर वाकले."